साळवे सर आणि इंजिनाचा पाय

साळवे सरांचा विषय निघाला की मी आधी खाकरतो, बाह्या सरसावतो, समोरच्याला खुर्ची पुढे ओढायला सांगतो आणि मग माझ्या लक्षात येतं की हा माणूस मला अजून कळलेलाच नाही. किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण पोतं उलटं करून सगळे किस्से ओट्यावर मांडले तरी त्यातून एक सबंध माणूस उभा राहत नाही. एक हात इकडे, एक पाय तिकडे. आणि पाय म्हटलं की सरांचा नव्हे, इंजिनाचा पाय आठवतो. पण ते पुढे येईल.

अंबड तालुक्यात गोदाकाठी आमची शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवायचो, अजूनही शिकवतो. साळवे सर विज्ञान शिकवायचे. गाव त्यांचं टेंभुर्णी, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. उंचीने बेताचे, आवाजाने भलतेच मोठे, आणि खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी नवे बूट घालून गेलो होतो. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं नाव विचारलं. सरांनी बूट विचारले.

"केवढ्याला?"

मी किंमत सांगितली, थोडी वाढवूनच. नव्या ठिकाणी जरा वजन पडावं म्हणून.

"आधीचा जोड किती टिकला?"

"झालं असेल वर्षभर."

सरांनी छताकडे पाहिलं. ओठ हलले. मग खाली वाकून माझी टाच त्यांनी अशी निरखली की मला वाटलं, आता नाल ठोकतात.

"बूट महाग न्हाईत," ते म्हणाले. "तुमचं चालणं महाग हाय. टाच घासत चालून राह्यले तुमी, भाषावाले."

त्या दिवसापासून मी 'भाषावाले' झालो. आणि माझं चालणं? ते सुधारलं नाही. फक्त मी आजही, सर समोर नसतानाही, त्यांची आठवण झाली की टाच उचलून चालतो.

किंमत या गोष्टीवर सरांचा विश्वासच नव्हता. कुणी म्हणालं, अमुक वस्तू इतक्याला घेतली, की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा: "बराबर. पण वर्षाला किती पडली?" वस्तू किती वर्षं टिकली, मधे दुरुस्तीला किती खर्च आला, आणि मुख्य म्हणजे ती दुरुस्त कुठे होते, हे कळल्याशिवाय स्वस्त-महाग बोलायचंच नाही. हेडसरांच्या फिरत्या खुर्चीला त्यांनी हा प्रश्न विचारला. माझ्या छत्रीला विचारला. एका विद्यार्थ्याच्या लग्नात नवरदेवाच्या शेरवानीला विचारला. नवरदेवाचे वडील कौतुकाने कापडाचा भाव सांगत होते. सर म्हणाले, "मंग पुन्हा कधी घालणार?"

"पुन्हा काहून घालंल, सर? लग्न एकदाच असतंय की."

"अरारारा. म्हंजे सगळा खर्चा एकाच दिवसाला पडला!"

त्या पंगतीत आमच्या ओळीला जिलेबी दुसऱ्यांदा आली नाही.

आणखी एक खोड. कुठलंही तेल दिसलं की अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचं, डोळे मिटायचे, वास घ्यायचा. मोटारसायकलचं ऑइल असो, पंपाचं असो, की घरच्या वरणावरची फोडणी असो. सरांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्यापुढं ताट ठेवलं की मला वाटतं, जेवाया न्हाई, तपासाया बसले."

प्रयोगशाळेत त्यांनी एका फळीवर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. इतर शाळांत बरणीत बेडूक असतो. आमच्याकडे मेलेले सुटे भाग होते. झिजलेलं बेअरिंग, फाटलेलं वॉशर, दात गेलेली चकती. प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी, आणि पट्टीवर एकाच शब्दात मरणाचं कारण. 'पाणी'. 'उपाशी', म्हणजे तेल मिळालं नाही. 'घाई'. एका बरणीत पिळून मोडलेला बोल्ट होता, तिच्यावर लिहिलं होतं 'ताकद'. आठवीची पोरं या फळीसमोर उभी राहिली की सर विचारायचे, "सांगा, हे काय होऊन मेलं?" आणि पोरं माना तिरक्या करून, डोळे बारीक करून, मोठ्या गांभीर्याने तपास करायची. कारण नाही असं मरण नाही, हा सरांचा सिद्धांत. त्यावर त्यांचा इतका भरवसा होता की मला कधी कधी त्यांची भीती वाटायची.

आता होडी.

आमच्याकडे खालच्या अंगाला बंधारा झाला आणि नदी फुगली. पूर्वी उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता यायचं, तो उतार पाण्याखाली गेला. पलीकडे एक वस्ती आहे. तिथल्या पोरांनी मोटारसायकली काढल्या आणि पुलावरून लांबचा फेरा मारून यायला लागली. पोरींचं काय? पोरींना मोटारसायकल कोण देणार, आणि त्या फेऱ्यावर एकटीला पाठवणार कोण? तेव्हा पोरी येत होत्या त्या फक्त होडीने. होडी वल्हवायचे आप्पा. भोई समाजातला म्हातारा माणूस, बोटं वडाच्या मुळ्यांसारखी, आणि बोलणं अगदी कमी. पण पाणी वाढलं तसं एकट्याच्या वल्ह्याला ते आवरेना. वारा सुटला की होडी पलीकडे पोचायची ती शाळेच्या मधल्या सुट्टीत.

मग गावाने होडी समिती नेमली. अध्यक्ष सुदामराव: ट्रॅक्टरवाले, मिशीवाले, सगळ्या निर्णयांवाले. आमच्याच गावचा एक माणूस जालन्यात धंद्यात वर आलेला होता, तो म्हणाला, मी इंजिन देतो. सरांनी हात वर केला.

"देत असाल तर साधं द्या. विहिरीवरचं डिझेल इंजिन घ्या, त्याला लांब दांडा जोडा, दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज करंल, धूर करंल, पण बिघडलं तर अंबडात कोणीबी उघडंल."

सुदामराव हसले. "सर, होडी हाय का विहीर हाय?"

"होडीच हाय. पण दुरुस्ती जमिनीवरच करावी लागती ना."

कोणी ऐकलं नाही. देणाऱ्याला फोटो चांगला यायला हवा होता. समुद्रकिनाऱ्याकडून एक वापरलेलं, पण चकचकीत इंजिन आलं, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं. वर इंजिन, त्याला प्लास्टिकचं सुंदर झाकण, आणि खाली पाण्यात सोडलेला लांब पाय. त्या पायाच्या घोट्यात गिअर, आणि घोट्याच्या मागे पंखा. पंखा फिरतो त्या दांड्याभोवती एक रबरी सील असतं. सरांनी मला ते दाखवलं. अंगठीएवढं, काळं, गरीब दिसणारं. "ह्याच्या अलीकडं तेल, पलीकडं नदी," सर म्हणाले. "एवढी नदी ह्या एका रिंगवर अडून राह्यली, भाषावाले. हे गेलं की पाणी आत. पाणी आत गेलं की तेलाचं ताक. मंग गिअर, बेअरिंग, सगळं गंजून जातं. अख्ख्या इंजिनात सगळ्यात महाग दुरुस्ती ह्या पायाची, आणि पायाचा जीव कशात, तर ह्या रिंगमधी."

इंजिन आलं त्या दिवशी सुदामरावांनी रीतीप्रमाणे नारळ फोडला. आता ट्रॅक्टर आला की ते नारळ ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर फोडत. त्याच सवयीने, त्याच जोराने, त्यांनी तो इंजिनाच्या झाकणावर फोडला. नारळ फुटला नाही. झाकण फुटलं. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, कारण आवाज बरोबर आला होता.

सर पुढे झाले. खिशातून चिकटपट्टी काढली, झाकणावर आडवी लावली आणि वळून जाहीर केलं: "ह्या यंत्राला तेल द्या. हार न्हाई, लिंबू न्हाई, नारळ तर बिलकुल न्हाई. देखभाल माझ्याकडं. आप्पा चालवतील, मी बघीन."

सर बौद्ध. पूजाअर्चा त्यांच्या घरात नाही. पण त्या दिवशी ते पूजेविरुद्ध बोलत नव्हते, प्लास्टिकच्या बाजूने बोलत होते. लोकांनी मात्र ऐकलं ते एवढंच: सरांना चालत नाही. आणि सरांना चालत नाही ते सरांसमोर करायचं नाही, इतका मान त्यांना गावात होता. सरांसमोर!

पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. पोरी नारिंगी जाकिटं घालून होडीत बसायच्या. जाकीट नाही तर होडी नाही, हा सरांचा नियम. पलीकडून येणाऱ्या पोरींची संख्या वाढली. कांताबाई म्हणून वस्तीवरच्या एक बाई, त्यांची थोरली शाळा सोडून घरी बसली होती, तीसुद्धा पुन्हा दहावीला येऊन बसली. सर दर आठवड्याला पायाच्या तळाचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल काढायचे, चोळायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "मध!"

दिवाळीची सुट्टी संपली. होडी पहिल्या फेरीला निघाली आणि पाय कण्हायला लागला. खोटं नाही सांगत, अगदी म्हाताऱ्या माणसासारखा. सरांनी स्क्रू सैल केला. आतून आलं ते पांढरंफटक. ताक!

इंजिन मोठ्या शहरातल्या मेकॅनिककडे गेलं. तिथून परत आलं ते बिलासकट. बिलावर कारण: पाणी शिरलं. "पाणी शिरलं हे मला दिसतंय," सर संतापले, "शिरलं काहून ते सांगा ना!" दुरुस्तीला लागले ते दिवस पोरी घरी.

दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली, पाय कण्हला, ताक आलं. पुन्हा शहर, पुन्हा बिल, पुन्हा पोरी घरी. या वेळी सरांची झोप उडाली. सील बदललं होतं, तेल चांगलं होतं, होडी कुठे आपटली नव्हती. बाकीचं वर्ष मध, आणि दिवाळीनंतर ताक! ते मला वर्गातून बाहेर बोलावून विचारायचे, "भाषावाले, दिवाळीला नदीत काय होतं?" मला काय माहीत? मी म्हणालो, "थंडी पडते." त्यांनी थंडीवर एक अख्खा आठवडा घालवला.

गावात कुजबुज वेगळीच होती. आप्पांचं वल्हं या इंजिनाने हिसकावलं, म्हणून म्हाताराच काही तरी करतो, असं लोक म्हणायला लागले. आप्पांच्या कानावर ते जात होतं. ते आणखी कमी बोलायला लागले. समितीने ठरवलं: आता एकदा जरी पाय गेला, तरी इंजिन विकून टाकायचं. होडी बंद. पोरींचं ज्यांनी त्यांनी बघावं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली. मी, सर, आप्पा आणि जाकिटातल्या पोरी, सगळे कान देऊन बसलो. आप्पांनी इंजिन सुरू केलं. होडी हलली. आणि पाय कण्हला.

सर उठले. पोरींना उतरवून त्यांनी इंजिन काठावर घेतलं. "आता शहर न्हाई," म्हणाले. "ह्या वेळी मी स्वतः उघडणार." सुदामरावांनी दोन दिवसांनंतरची बैठक लावली होती आणि विकत घेणारा माणूस बघून जाणार होता. म्हणजे सरांच्या हातात मधला वेळ तेवढाच.

त्यांनी पंख्याची चाकी, म्हणजे नट, सोडवली, पंखा ओढून काढला, आणि त्याच्या मागे दांड्यावर एक करडं-पिवळं कडं बसलेलं होतं. दोऱ्याचं. गरगर फिरून, तापून, वितळून घट्ट झालेलं, आणि त्याची आतली कड थेट सीलच्या रबरात घुसलेली. सरांनी ते कडं सोडवून तळहातावर घेतलं. चेहरा असा उजळला की वाटलं, आता नाचतात. मग दुसऱ्याच क्षणी काळवंडला.

"जाळं!" ते ओरडले. "मासेमारीचा दोरा! मोडला रे मोडला, ह्या लोकांनी माझा पाय मोडला!"

आणि तसेच, एका हातात कडं आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन, ते जाळी वाळत घातली होती तिकडे निघाले. मागे मी, टाचा उचलून. मागे आप्पा.

"सर, थांबा," आप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "आमच्यावर आळ घेऊ नका. आमच्या जाळ्याचा दोरा पाण्यात दिसत न्हाई. दिसला तर मासा येईल का? ह्यो तर पिवळा हाय. ह्यो दोरा…"

आणि आप्पा मधेच थांबले.  वळले आणि चालू लागले.

सरांनी कड्याचा वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा वास घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही तरी केलं आहे. "भाषावाले, झेंडू!"

कड्याच्या आत, वितळलेल्या दोऱ्यात, झेंडूच्या फुलाचं एक वाळकं देठ अडकलेलं होतं.

आता माझा भाग. म्हणजे माझा काहीच भाग नव्हता, पण लोकांना मी असा माणूस वाटतो की ज्याला गुपित सांगावं. का वाटतो, देव जाणे. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर आप्पा व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

"मास्तर, कोणाला सांगू नका. हार मी घालतो. दसऱ्याच्या आदल्या दिशी. सर नागपूरला गेल्यावर."

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पूजतात. विळा, कुदळ, ट्रॅक्टर, शिलाई मशीन. सर त्याच्या आदल्या दिवशीच सहकुटुंब धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला जायचे आणि दसरा झाल्यावर यायचे. तेवढ्यात आप्पा नवमीच्या पहाटे काठावर जाऊन पंख्याला झेंडूचा हार बांधायचे.

"पण पंख्याला कशाला, आप्पा?"

"मंग कशाला बांधायचा? काम तर त्योच करतो. विळ्याची पूजा पात्याला करतो ना आपण." आप्पा खाली बघत होते. "ते टिकावं म्हणूनच घालत होतो, मास्तर. सगळे म्हंत्यात, मी त्याच्या वाइटावर हाय. मी तर त्याला रोज पुसतो." मग त्यांनी सांगितलं की उजाडून कोणी यायच्या आत हार ओढून काढायचो. फुलं निघायची. नायलॉनचा दोरा कुठे निघतोय? तो तुटून मागे राहायचा, पंख्यामागे सरकायचा. मग दिवाळीपर्यंतच्या फेऱ्यांत तो सील खायचा, आणि सुट्टीत इंजिन पाण्यात उभं असताना पाणी आत झिरपायचं.

मी त्यांना शब्द दिला. ते गेले आणि मी विचारात पडलो. आता सरांना सांगावं तर आप्पांचं होडीवरचं काम जाणार. न सांगावं तर इंजिन जाणार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कांताबाई आल्या. एवढा फेरा मारून, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून.

"मास्तर, दोरा सापडला म्हनं? कोणाला सांगू नका. हार मी घातल्ता."

मी खुर्चीत सरळ बसलो. "तुम्ही?"

"दर वर्षी घालते. माझी पोरगी त्याच्यावर शाळंत येती. सरांला आवडत न्हाई म्हनून दुपारची गुपचूप जाते, बांधते, अन् दिवस बुडायच्या आत काढून घेते. तिथं आधीच पाकळ्या पडलेल्या असायच्या. मला वाटायचं, वाऱ्यानं आल्या असतील."

झेंडूच्या पाकळ्या, वाऱ्याने, नदीकाठी! पण मी त्यांनाही शब्द दिला. माझ्याकडे आता दोन गुन्हेगार होते आणि गुन्हा एकच.

संध्याकाळी घरी चहा पीत होतो तर दारात ट्रॅक्टर थांबला. सुदामराव. मिशी खाली आलेली.

"मास्तर, जरा खाजगी हाय."

मी म्हणालो, "हार?"

ते दचकून दोन पावलं मागे सरले. "तुमाला कसं कळलं?"

मी गूढ हसलो. असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात वारंवार येत नाही. सुदामरावांनी कबूल केलं की पहिल्या दिवशी नारळाने झाकण फुटलं, तो अपशकुन त्यांना सारखा टोचत होता. म्हणून दर खंडेनवमीला अंधार पडता पडता ते एकटेच जायचे, पंख्याला हार बांधायचे आणि हात जोडून झाले की काढून घ्यायचे. ज्या इंजिनाला ते उद्या विकायला निघाले होते, त्याच इंजिनाला!

"अध्यक्ष हाय मी. लोकांनला कळलं तर हसतील. कोणाला सांगू नका."

म्हणजे एकाच दिवशी, तीन वेळा, तीन माणसं, एकमेकांना चुकवून, एका पंख्याला तीन हार! आणि तिघांनाही वाटत होतं, मोडलं ते माझ्याच हाराने. माझ्या डोक्याचा भुगा झाला. रागवायचं कोणावर? हसायचं कोणाला? पायाला मारलं कोणी, आणि जपलं कोणी? दोन्ही रांगांत तीच माणसं उभी होती.

बैठक शाळेच्या पटांगणात झाली. विकत घेणारा माणूस एका बाजूला सुपारी कातरत बसला होता. वस्तीवरच्या बायका मागे उभ्या. कांताबाईंची पोरगी दप्तर घेऊनच आली होती, जणू निर्णय झाला की लगेच एक तर वर्गात जायचं नाही तर घरी. सुदामराव उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय टिकत न्हाई. दर साल खर्चा. समितीचं म्हणणं असं की…"

"पाय चांगला हाय," सर म्हणाले.

ते उठले. पुढे येऊन त्यांनी टेबलावर रुमाल पसरला आणि रुमालावर ते कडं ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. आता विचारणार, हा दोरा कोणाचा. आता सगळ्या नजरा आप्पांकडे वळणार.

"हे मी काल गरम पाण्यात ठेवून उकललं," सर म्हणाले. "वितळलेलं सुटत न्हाई. पण बाहेरच्या गाठी शाबूत हायेत. तीन गाठी. एक जाळं दुरुस्त करणाऱ्या हाताची हाय. एक कडब्याची पेंढी बांधणाऱ्या हाताची. अन् एक बैलाच्या दाव्याची. तीन हात हायेत. नावं मी घेत न्हाई, मला त्याची गरज न्हाई."

पटांगणात सुपारी कातरायचा आवाजही थांबला. मी एक डोळा उघडला. आप्पांनी कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाईंनी सुदामरावांकडे पाहिलं. सुदामरावांनी आप्पांकडे पाहिलं. आणि मला शपथेवर सांगा म्हणाल तरी सांगतो, त्या तिघांच्या चेहऱ्यांवर एकदम जे उमटलं तसं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. तिघं एकाच वेळी पकडले गेले होते आणि एकाच वेळी सुटले होते.

"देखभाल माझ्याकडं होती," सर पुढे म्हणाले. "तेल बघितलं, सील बघितलं, थंडी बघितली. पंखा काढून मागं बघितलं न्हाई. पायाचा दोष न्हाई. आप्पांचा तर बिलकुल न्हाई. आता बोला, काय विकायचं?"

सुदामरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग विकत घेणाऱ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, चहा घ्या आन् जल्दी निघा. विकायचं न्हाई."

खर्चाचे चार भाग झाले. तीन भाग कोणाकडून आले ते कोणी विचारलं नाही. चौथा सरांनी टाकला. मी विचारलं, "तुमचा कशाचा?" म्हणाले, "न बघितल्याचा."

पुढच्या वर्षी नवमीच्या आधी, नागपूरला निघायच्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. सर ओसरीवर झेंडूचा ढीग घेऊन बसले होते आणि सुती दोऱ्यात, दाभणाने, एकेक फूल ओवत होते. सारख्या अंतरावर. मी दारातच थबकलो.

"सर, हे काय? पूजा?"

"मी पूजा करत न्हाई, तुमाला माहीत हाय."

"मग श्रद्धा?"

"मेंटेनन्स," सर म्हणाले, आणि गाठ मारली. ओल्या फडक्यात गुंडाळून तो हार त्यांनी आप्पांकडे दिला. "हँडलला बांधायचा. पंख्याला न्हाई. तिघांनी मिळून एकच. काढताना कात्रीनं कापायचा, ओढायचा न्हाई." आणि बॅग उचलून बसस्टॉपकडे चालू लागले.

त्या दिवाळीनंतर स्क्रू सैल केला तेव्हा मध आला.

कडं बरणीत गेलं. पण बरणीवर पट्टी लागेना. सर पट्टी हातात घेऊन बसले आणि मला म्हणाले, "भाषावाले, शब्द सांगा."

"नायलॉन," मी म्हणालो.

"नायलॉन तर नुसता दोरा. तो तिथं गेला काहून?"

"अज्ञान."

"अंहं. त्यांना सगळं माहीत होतं. दोरा सोडून."

"मग माया लिहा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं. "मायेनं सील फाटतं, असं पोरांना शिकवू का मी?" बरणी कोरीच फळीवर गेली. एका शब्दात मरणाचं कारण सांगणारा माणूस, त्याच्या फळीवर ती एकच बरणी अशी होती. आठवीची पोरं तिच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहायची.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप काठावरच झाला. हार इतके की फक्त चष्मा दिसत होता. भाषणं झाली, एक माझंही, लांबलचक. मग पलीकडच्या वस्तीचा निरोप घ्यायला सर होडीत बसले. अंगावर हारांचं ओझं आणि त्यावर नारिंगी जाकीट, कारण जाकीट नाही तर होडी नाही. आप्पांनी इंजिन सुरू करायच्या दोरीला हात घातला.

"थांबा," सर म्हणाले.

त्यांनी गळ्यातला एक हार उचलून डोळ्यांजवळ नेला. दोरा बोटांत धरून चोळला. डोळे मिटले. मग त्यांनी गाठ सोडवली आणि हारातून दोरा ओढून काढला. फुलं पाण्यात सोडली. दुसरा हार. तिसरा. काठावर गाव उभं होतं, बँडवाले थांबले होते, सुदामरावांनी मान खाली घातली होती, आणि कोणालाच कळेना की टाळ्या वाजवाव्यात की माफी मागावी. सर एकेक दोरा काढत होते, बोटाभोवती गुंडाळत होते आणि शर्टाच्या खिशात ठेवत होते, जिथे स्क्रू-ड्रायव्हर असायचा तिथे.

शेवटचा दोरा खिशात गेला तेव्हा त्यांनी आप्पांना मान हलवली. इंजिन सुरू झालं. पाय कण्हला नाही. होडी झेंडूंमधून वाट काढत निघाली, आणि लांब जाताना मला दिसत होती ती फक्त सरांची पाठ, जाकिटातली, होडीच्या मागच्या फळीवर ओणवी झालेली. सगळं गाव त्यांना हात हलवत होतं. ते वाकून पंख्याकडे बघत होते.